आई येतेय दिवाळीला: जर्मनीत फराळ, कंदील आणि शेजारी कसं जमवता?

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आम्ही गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून श्टुटगार्टजवळच्या एका गावात आलो. मी, नवरा आणि पाच वर्षांची लेक. यंदा माझी आई येतेय, नव्वद दिवसांचा व्हिसा मिळालाय, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचेल. गेल्या वर्षी बाबा गेले त्यामुळे तिच्याकडे दिवाळी नव्हतीच, घरात कढई चढली नाही, शेजारच्यांनी आणि मावशीने डबे आणून दिले त्यातलंच जे काय दोन घास. फोनवर म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा भाजणी दळायला गेले नाही बघ. ते माझ्या डोक्यातून जातच नाहीये. म्हणून यंदा मला सगळं नीट करायचंय, तिच्याबरोबर, फराळ घरचा, कंदील घरचा. आणि इथेच अडतंय.

गेल्या वर्षी मी इथे एकटीने केलं होतं थोडं, लेकीला कळावं दिवाळी म्हणजे काय म्हणून. रव्याचे लाडू केले, रवा छान पिवळा धमक मिळाला सुपरमार्केटात, अर्धा तास भाजला, पाकात टाकला, रात्रभर मुरवला तरी दाताखाली कचकच. मग दुसरं पाकीट आणलं तर त्याचा थेट लगदा झाला, शिरा म्हणून खाल्ला. तूप तयार मिळतं ते आणलं, दिसायला सुरेख पण वासच नाही, आई त्याला तूप म्हणणार नाही. चकल्या काढल्या तेव्हा कुरकुरीत होत्या, संध्याकाळी डबा उघडला तर मऊ. भाजणी पुण्याहून आणलेली होती, म्हणजे भाजणीचा दोष नाही, माझंच काहीतरी चुकलं.

आणि हे सगळं एकवेळ ठीक, पण शेजारचं प्रकरण मनाला लागलं. तळण चालू असताना घरभर धूर झाला, पॅसेजमधला स्मोक डिटेक्टर कोकलायला लागला म्हणून मी घाईत घराचं दार उघडं टाकलं, वास सगळा जिन्यात. संध्याकाळी दारापुढे छोटीशी रांगोळी काढली, दोन पणत्या ठेवल्या. सकाळी दारावर चिठ्ठी. हस्ताक्षर सुंदर, मजकूर मात्र कडक, जिन्यात आग चालणार नाही, जिन्यात पावडर चालणार नाही, वासाचं काहीतरी करा. खालच्या मजल्यावरच्या आजींची. वाईट नाहीत त्या, आमची पार्सलं घेऊन ठेवतात, लेकीला हात करतात. मी ती रांगोळी पुसताना रडले खूप. यंदा आई उंबऱ्यात पणती लावणारच, तिला मी काय सांगू?

अजून एक, लेकीच्या किंडरगार्टनमध्ये नोव्हेंबरात कंदिलांची मिरवणूक असते, झांक्ट मार्टिनची म्हणजे संत मार्टिनची, यंदा ती आणि दिवाळी एकाच आठवड्यात येतायत. तिला तिथे आपला आकाशकंदील न्यायचाय. आणि मिरवणुकीनंतर खाण्याच्या टेबलासाठी प्रत्येक घरातून काहीतरी न्यायचंय. तुम्ही लोक काय करता सांगा ना. बारीकसारीक असलं तरी सांगा.

हिरवा_चाफा:
अगं तो पिवळा म्हणजे हार्टवाइत्सेनग्रीस, ड्युरमचा, पास्त्याचा रवा. त्याचे लाडू होत नाहीत. दुसरा आणलास तो वाइखवाइत्सेनग्रीस, तोच बरोबर आहे, फक्त इथे तो दुधात शिजवून लापशीसारखा खातात म्हणून दळतात फार बारीक. त्याला पाक कमी लागतो. उपम्याला मात्र पिवळाच घे, मोकळा होतो. बाकी जाणकार सांगतीलच. आईंना नमस्कार सांग.

खलबत्ता:
रानजाई, तुझं वाचून मला माझी २००४ ची दिवाळी आठवली, तेव्हा तर भारतीय दुकान गाठायला ट्रेनने तासभर जावं लागायचं. मी नेकार नदीच्या काठाला आहे तेव्हापासून, त्यामुळे सावकाश वाच, सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी पिठांचं. इथे पिठाच्या पाकिटावर आकडा असतो, ४०५, ५५०, १०५० असा, तो म्हणजे पीठ जाळल्यावर किती राख उरते त्याचं माप, १०० ग्रॅमला मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका लहान तितका कोंडा कमी. ४०५ म्हणजे साधारण आपला मैदा. शंकरपाळी आणि करंजी त्याचीच, पण नुसत्या ४०५ ची करंजी नरम पडते असा माझा अनुभव, त्यात चौथा हिस्सा तो पांढरा बारीक रवा घाल, दुधात घट्ट भिजव आणि दोन तास ठेवून चांगली कुटून घे. कुटायचं शनिवारी मात्र, रविवारी इथे शांततेचा दिवस असतो आणि खलबत्त्याचा आवाज खालच्या छतातून जातो, हे मी शिकले ते खालच्यांनी छताला काठी आपटल्यावर.

लाडू. पांढरा रवा चार वाट्या, वाटीभर तुपात मंद भाज, हा बारीक असल्यामुळे पटकन रंग धरतो, बघत राहा. खोबरं फ्रोझन मिळतं ते आधी पूर्ण वितळू दे, पिळून घे, कोरडं होईपर्यंत वेगळं परत, नाहीतर चौथ्या दिवशी लाडूला वास येतो. साखर तीन वाट्या, एकतारी पाक, आणि तुझा लगदा झाला तो पाक सगळा एकदम ओतल्यामुळे. तीन चतुर्थांश ओत, झाकून ठेव, दोन तासांनी बघ, लागला तर उरलेला घाल. कोरडा झालेला लाडू सुधारता येतो, सैल झालेला नाही.

आता तूप, माझा जिव्हाळ्याचा विषय. तयार मिळतं ते बुटरश्माल्त्स, ते पाणी आणि दुधाचा अंश काढलेलं लोणी असतं, बेरी लाल होऊच देत नाहीत मग वास कुठून यायचा. तळायला ते उत्तम आहे, लाडवात नको. लाडवाचं तूप घरी कढव. बटर घेताना पाकीट वाच, झ्यूसरामबुटर म्हणजे गोड सायीचं, झाउअररामबुटर म्हणजे विरजण लावलेल्या सायीचं. दुसरं घे. आपण घरी साय विरजून लोणी काढतो ना, तेच हे. अडीचशे ग्रॅमच्या चार पाकिटांचं साधारण आठशे ग्रॅम तूप निघतं. जाड बुडाचं पातेलं, मंद आच, झाकण नाही, आणि बेरी गुलाबी व्हायच्या आधीच शेगडी बंद कर, कारण काचेची शेगडी बंद केल्यावरही पाच मिनिटं तापलेलीच असते. विड्याचं पान मिळालं तर टाक शेवटी. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बरणी उघडून नाकाला लावली आणि काही न बोलता परत झाकण लावलं, मग रात्री भातावर दोनदा वाढून घेतलं. मला तेवढं पुरलं.

चकलीचं उत्तरही शेगडीतच आहे बघ. गॅसची सवय असते आपल्याला, आच कमी केली की लगेच कमी. इथे आकडा कमी केला तरी तेल तापतच राहतं, चकली बाहेरून लाल होते, आपण काढतो, आत ओल राहते आणि ती ओल संध्याकाळी बाहेर येते. गोल बुडाची कढई पण नको, काचेवर टेकतच नाही नीट. सपाट बुडाचं बिडाचं भांडं घे आणि दहा पंधरा युरोचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घे, १७० च्या आसपास ठेव, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली हलवू नको. एका वेळी तीनच. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही.

भाजणी इथेही होते. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, धणे पाव, जिरं थोडं, सगळं वेगवेगळं भाजून घे. दळायला इथल्या बऱ्याच घरांत धान्याची छोटी चक्की असते, दगडाची, ब्रेड घरी करणारे लोक वापरतात. विचारून बघ कुणाकडे आहे का. आईला दळणाला जायचंय ना, मग जाऊ दे की.

तेलाचं एक राहिलं, तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नकोस, गार करून बाटलीत भर आणि कचऱ्याच्या काळ्या डब्यात टाक.

दुसरा_मजला:
ताई, शेजाऱ्यांच्या भागाबद्दल मी लिहितो, कारण मी यातून गेलोय.

तुम्ही श्वाबेनमध्ये राहताय, इथे जिना म्हणजे घरातल्या देवघराइतका जपतात. तुमच्या दारावर अधूनमधून एक पाटी अडकवलेली असेल, केरवोखे. केर म्हणजे इथेही झाडलोटच, लक्षात ठेवायला सोपं. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना आपण झाडायचा पुसायचा, ती छोटी. मोठी असते त्यात फुटपाथ, अंगण, तळघराचा पॅसेज येतो, थंडीत बर्फसुद्धा. हे खूप जुनं आहे, १४९२ च्या श्टुटगार्टच्या शहर कायद्यापर्यंत त्याची मुळं नेतात. म्हणजे या आजींच्या आईने, आजीने, सगळ्यांनी हा जिना पुसलाय. आता विचार करा, त्यांनी शनिवारी गुडघ्यावर बसून पुसलेल्या जिन्यात सोमवारी रंगीत पावडर. आपल्या सारवलेल्या अंगणात कुणी चपला घालून चिखल आणावा तसं त्यांना झालं असणार. मी त्यांची बाजू घेत नाही, चिठ्ठीऐवजी बेल वाजवायला हवी होती, पण कारण समजलं की राग उतरतो.

पणत्यांचं मात्र खरंच ऐका, आग लागली तर बाहेर पडायची वाट जिनाच असते, तिथे जळतं काहीही ठेवायला बंदी असते, हाउसओर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, लिहिलेलंच असेल. आम्ही पणत्या बाल्कनीत लावतो, काचेच्या ग्लासात, आणि दाराच्या आतल्या बाजूला ताटात रांगोळी. माझी आई सुरुवातीला नाराज होती, मग मीच म्हटलं की लक्ष्मी येणार ती आतच येणार ना, तर तिने ताटाभोवती झेंडू मांडले.

वासाचं, घराचं दार जिन्याकडे उघडून धूर घालवणं ही इथे सगळ्यात मोठी चूक समजतात. दार घट्ट बंद, बाहेरच्या खिडक्या सताड उघड्या दहा मिनिटं, मग बंद, परत तळण. चिमणीत कोळशाचा फिल्टर असेल तर दिवाळीआधी नवा टाका, जुना काही शोषत नाही. तळण शनिवारी दुपारी तीननंतर करा, बऱ्याच घरांत एक ते तीन विश्रांतीची वेळ असते.

फटाके विसरा, इथे ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. पण फुलबाज्या वुंडरकेर्त्सन नावाने मिळतात, त्यांना वर्षभर बंदी नाही. नोव्हेंबरात सगळीकडे नसतात, ऑनलाइन मागवून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवाळीच्या आठ दिवस आधी आईंना घेऊन खाली जा. चिठ्ठी लिहू नका, बेल वाजवा. सांगा की आमचा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे, या शनिवारी स्वयंपाकाचा वास येईल, आणि त्यातला पहिला डबा तुमचा. इथे लोकांना आधी सांगितलेलं फार आवडतं. जाता जाता त्यांना हेही सांगा की श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, जुन्या लोकांना त्याचं कौतुक असतं.

तेवीस_किलो:
आई येतायत तर बॅगेचं सांगून ठेवते, माझ्या आईचं तोंड विमानतळावर एवढंसं झालं होतं ते मी विसरले नाहीये. दुधाचं काहीही आणता येत नाही बाहेरून युरोपात, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खव्याचं सगळं काढून घेतात. मांसाचंही तसंच. ताजी भाजी, कढीपत्ता, आंबे, विड्याची पानं यांना सर्टिफिकेट लागतं. फळांत फक्त अननस, केळी, नारळ, दुरियान आणि खजूर यांना लागत नाही. आणि खोबऱ्याच्या वाट्या बिलकुल ठेवू नका, त्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाहीत, मुंबईलाच बॅग उघडायला लावतात. चकली, चिवडा, भाजणी, मसाले, उटणं, सोऱ्या, हे बिनधास्त. सोऱ्याच्या ताटल्या वेगळ्या पिशवीत, एकत्र, वरच ठेवा.

दापोलीची_मावशी:
बाळा, मी परदेशात राहत नाही, माझी लेक राहते, म्हणून लिहितेय. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला काही करूच दिलं नाही. आई तू बस, आई तू आराम कर. तीन महिने सोफ्यावर बसून होते गं, खिडकीतून झाडं बघत. प्रेमानेच करत होती, पण परत जाताना मला वाटलं आपण आता पाहुणे झालो.

तुझ्या आईचं दुःख ताजं आहे. तू सगळं शिकून तयार ठेवू नकोस, थोडं अडलेलं राहू दे तिच्यासाठी. मोहन तिला घालू दे, पाक तिच्या बोटावर बघू दे. ती चुकली तरी चालेल, नवीन शेगडी आहे, पहिला घाणा बिघडेल तिचाही. आणि बाबांच्या आवडीचं जे असेल ते करा, टाळू नका. आमचे हे गेले तेव्हा मी दोन वर्षं कडबोळी केली नाहीत, नंतर वाटलं उगाच केलं नाही.

कंदीलवाला_ड्रेस्डेन:
आकाशकंदिलावर मी लिहिलंच पाहिजे, नाव बघा माझं.

सांगाडा करायला बांबूच्या कामट्या शोधत बसू नका, बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, पाच मिलिमीटरच्या गोल लाकडी काठ्या मिळतात. कागदाला द्राखनपापिअर मागा, म्हणजे शब्दशः पतंगाचा कागद, आपल्या पतंगाच्या कागदाचाच भाऊ, मुलांच्या हस्तकलेच्या दुकानात या दिवसांत ढीग असतो कारण सगळी किंडरगार्टन मार्टिनचे कंदील बनवत असतात. चिकटवायला घरी ४०५ च्या पिठाची खळ करा. लेकीसाठी छोटा करा, तिच्या डोक्याएवढा, षटकोनी, खाली झिरमिळ्या आखूड ठेवा नाहीतर पाठीमागच्या पोराच्या पायात येतात. काठीच्या टोकाला तारेवर लोंबणारा छोटा दिवा असतो तो काठीसकट तीन चार युरोला मिळतो. पावसाचं धरून चला, वरून एक पारदर्शक पिशवी.

मार्टिनची गोष्ट लेकीला सांगून ठेवा, रोमन सैनिक होता, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला बघून त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला. मिरवणुकीत कुणीतरी लाल झगा घालून घोड्यावर येतो, मागे पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत जातात, शेवटी शेकोटी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंधारात ते हलणारे दिवे बघून गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी आठवली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

बाल्कनीत मोठा कंदील लावलात तर एक होईल, लोक विचारतील नाताळचा तारा इतक्या लवकर कसा लावला. ॲडव्हेंट म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, त्यांच्या आधीचा रविवार टोटनझोनटाग, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा दिवस, त्याच्याआधी नाताळची रोषणाई करू नये असं जुन्या लोकांत मानतात. शांतपणे सांगा की हा आमच्या सणाचा आहे. आणि त्यांना हेर्नहूटर तारा माहीत असेलच, आमच्या झाक्सन राज्यातला, हेर्नहूट गावचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवायला म्हणून कागदाचा करायला लागले, हल्ली मिळतो त्याला पंचवीस टोकं असतात, आत दिवा. ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी लावतात, ६ जानेवारीपर्यंत. आमच्या घरी एकाच आकड्यावर आधी कंदील आणि मग तो तारा लागतो, मुलांना दोन्ही आपलेच वाटतात.

खाण्याच्या टेबलासाठी शंकरपाळी न्या, बिनदाण्याची, आणि शेजारी चिठ्ठीवर गहू, दूध, साखर असं लिहून ठेवा, ॲलर्जीमुळे विचारतातच.

रानजाई:
मंडळी, उशिरा लिहितेय त्याबद्दल माफ करा. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत आणि मी गायब. सगळं सांगते.

आई आली, बॅगेत सोऱ्या वरच होता, तूप आणलं नाही, हळहळली खूप. मग मी झाउअररामबुटर आणून तिच्यापुढे ठेवलं आणि बाजूला झाले, दापोलीच्या मावशींचं ऐकून. तिने कढवताना चमचाभर बेरी बशीत काढली, साखर घातली आणि लेकीला हाक मारली. माझ्या लहानपणी हेच करायची. तूप जमलं. खलबत्ता, तुम्हाला सांगते, वास मधल्या खोलीपर्यंत आला होता.

भाजणीला चक्की पाहिजे म्हणून किंडरगार्टनच्या ग्रुपवर विचारलं तर काय, खालच्या आजींच्या मुलीनेच उत्तर दिलं, माझ्या आईकडे आहे. तसंही आम्हाला खाली जायचंच होतं. आई, मी, भाजलेल्या डाळींचा डबा. बेल वाजवली. आधी मी सणाचं सांगितलं, तळणीचं सांगितलं, आणि गेल्या वर्षीच्या रांगोळीबद्दल माफी मागितली. तेव्हा कळलं की गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला निघताना खाली सांडलेल्या त्या पावडरवर त्यांचा पाय सरकला होता, कठडा धरला म्हणून वाचल्या. घाबरल्या होत्या हो, चिठ्ठीत मात्र त्याबद्दल अक्षरही नव्हतं. आईला मी ते मराठीत सांगितलं तर आईने त्यांचा हातच धरला, आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं की माझंही दुखतं.

डाळी दळल्या. पीठ पडायला लागलं तसं आईने चिमूट घेऊन अंगठ्यावर चोळून बघितलं, जरा जाड म्हणाली, आजींनी भाषा न कळताच चक्कीचं चाक अर्धा आटा फिरवलं.

पहिला घाणा बिघडला, मावशी म्हणाल्या तसाच. दुसऱ्यापासून थर्मामीटर लावला आणि आईने चौथ्यानंतर तो काढून ठेवला, तिला आता आवाजावरून कळत होतं म्हणे. चकल्या सहा दिवस कुरकुरीत राहिल्या, सातव्या दिवशी उरल्याच नाहीत. बाबांना चिरोटे आवडायचे, आई करणार नव्हती, मग लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री दहा वाजता उठून म्हणाली साटा लाव. साडेबारापर्यंत आम्ही दोघी लाटत बसलो होतो, फार बोललो नाही.

पणत्या बाल्कनीत ग्लासात, रांगोळी ताटात. कंदील लेकीने नेला, पाऊस आला, पिशवी होती म्हणून वाचला. शंकरपाळी पहिल्या दहा मिनिटांत संपली आणि दोन आयांनी रेसिपी मागितली.

आजींना डबा दिला होता तो आठ दिवसांनी परत आला, रिकामा नाही, आत त्यांच्या बागेतल्या क्विटन नावाच्या फळाच्या ग्सेल्त्सची बरणी, इथे मुरांब्याला, जॅमला तसंच म्हणतात. आई डबा हातात घेऊन मला म्हणाली, यांच्यातही रिकामं भांडं देत नाहीत का गं.

आणि आता ॲडव्हेंट सुरू झाल्यापासून आई दर मंगळवारी खाली असते. तिथे गुत्सले करणं चालू आहे, नाताळचे बिस्किटांचे प्रकार, आजी बारा प्रकार करतात आणि डबे भरभरून वाटतात, अगदी आपल्या फराळासारखं. व्हॅनिलाकिप्फर्ल बघून आई म्हणाली ही तर करंजीची धाकटी बहीण. पण तिचा जीव जडलाय तो श्प्रिंगरलेवर. बडीशेपेसारख्या वासाचे दाणे घालून मळलेलं पीठ, त्यावर लाकडी साचा दाबायचा, घोडा, फूल, पक्षी उमटतात, मग दिवसभर उघड्यावर सुकवायचं. भाजताना वरचं चित्र तसंच राहतं आणि खालून पीठ फुगून बाहेर येतं, त्याला ते फ्यूसले म्हणतात, म्हणजे इवले पाय. पाय आले नाहीत तर बिघडलं. आई म्हणाली हे अनारशाच्या जाळीसारखंच, पडली तर पडली. आजींच्या सासूचा साचा आहे, पेअरच्या लाकडाचा, कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

आई २९ डिसेंबरला परत जातेय. आजींनी तिला त्यातला एक साचा दिलाय, पक्ष्याचा. तिला तो पुण्याला पेढ्यांना वापरायचाय. पेढा चिकटू नये म्हणून लाकडाला आतून तूप लावलं तर चालेल का? कुणी वापरलाय का असा साचा?

खलबत्ता:
तूप लावू नको, लाकडात मुरतं आणि वर्षभराने खवट वास येतो. पेढा गार होऊ दे, साच्यात पिठीसाखर भुरभुरव, मऊ ब्रशने झटक आणि मग दाब. धुवायचा तर अजिबात नाही, लाकूड फुगतं, नक्षीतलं अडकलेलं कोरड्या टूथब्रशने काढायचं. प्रवासात कापडात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा. आणि आईंना म्हणावं, पहिल्या पेढ्याचा फोटो खाली आजींना पाठवा.